काचेपलीकडची विलायत

एप्रिल उजाडला की आम्हाला गावाकडून एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. कोणाची लेक लेस्टरला असते, कोणाचा मुलगा ब्लॅकबर्नला. आईवडिलांचा व्हिसा झालेला असतो, विमानाचे तिकीट काढलेले असते आणि प्रश्न ठरलेला असतो : "तिकडे आल्यावर काय काय बघायचं?" सामानात काय आणावे, औषधांच्या चिठ्ठ्या कशा सांभाळाव्यात, याविषयी आम्ही या पानावर पूर्वी लिहिले आहे. या वेळी फिरण्याविषयी लिहितो आहोत. पण ठिकाणांची यादी देण्याआधी आमच्याच घरात घडलेली गोष्ट सांगतो. यादी करण्यात आम्हीही तरबेज होतो आणि त्या यादीनेच आम्हाला तोंडघशी पाडले.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या अम्मी चिपळूण तालुक्यातल्या गावाहून बर्मिंगहॅमला आल्या. सहा महिन्यांचा पाहुणा व्हिसा होता. वय ७४. गुडघे दुखतात, पण स्वतःचे सारे स्वतः करतात. आल्या तेव्हा खूश होत्या. पहिला आठवडा पाहुण्यारावळ्यांत गेला. मग आमची नोकरी, मुलांची शाळा, रोजचे चक्र सुरू झाले. सकाळी आठला घर रिकामे व्हायचे ते चार वाजता मुले येईपर्यंत. मोठा चौदा वर्षांचा. तो "सलाम दादी" म्हणून थेट वर आपल्या खोलीत. धाकटी नऊ वर्षांची, ती थोडा वेळ जवळ बसायची, पण तिचे मराठी अर्ध्या वाक्यात संपायचे. अम्मी पुढच्या खोलीत खिडकीपाशी तसबीह घेऊन बसायच्या. गावी त्यांच्या पडवीवरून दिवसभरात पन्नास माणसे जातात आणि प्रत्येक जण दोन शब्द बोलून जातो. इथे खिडकीतून फक्त पोस्टमन दिसायचा आणि पाऊस.

सहाव्या आठवड्यात एका रात्री जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, "माझं तिकीट अलीकडचं करून द्या. दोन महिने पुरे झाले."

कारण विचारले तर "गावी कामं पडलीत" एवढेच. कामे कुठली, हे आम्हाला ठाऊक होते. कुठलीच नव्हती.

आम्ही घाबरलो आणि लगेच तोडगा काढला : अम्मींना फिरवू या! येत्या शनिवारी लेक डिस्ट्रिक्ट. इंग्लंडच्या वायव्येला डोंगर आणि तळी असलेला हा मुलूख खरोखरच देखणा आहे. आम्ही कागद घेऊन बसलो आणि लिहिले : विंडरमिअर, अँबलसाइड, ग्रासमिअर, केझिक. सकाळी सातला निघायचे, रात्री दहाला परत. बर्मिंगहॅमहून विंडरमिअर साधारण दीडशे मैल, म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता मोकळा असेल तर तीन तास. जूनमधल्या शनिवारी तो मोकळा नसतो, हे आम्ही कागदावर लिहिले नव्हते.

पोहोचायला साडेअकरा झाले. तळ्याकाठी गाडी लावायला जागा नाही, म्हणून तळे गाडीतूनच पाहिले. अँबलसाइडला वीस मिनिटे मिळाली, ती स्वच्छतागृह शोधण्यात गेली. ग्रासमिअरला पाऊस आला. वळणावळणाच्या रस्त्यात धाकटीला उलटी झाली. मोठा कानाला हेडफोन लावून बसला होता. अम्मींनी जोहरची नमाज गाडीत बसूनच अदा केली. केझिकपर्यंत आम्ही गेलोच नाही, तरी घरी यायला रात्रीचे अकरा वाजले. मोबाइलमध्ये साठेक फोटो होते.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी आम्ही मोठ्या आशेने विचारले, "अम्मी, कसं वाटलं?"

त्या म्हणाल्या, "डोंगर छान होते. पण बाळांनो, मला उतरवलंत कुठे? घरातल्या काचेतून बघत होते, ते काल गाडीच्या काचेतून बघितलं."

बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. अम्मींना विलायत कमी पडली नव्हती, आम्ही कमी पडलो होतो. आठवडाभर न दिलेला वेळ आम्ही एका दिवसात मैलांनी भरून काढायला निघालो होतो.

त्या रविवारी आम्ही नवी पद्धत ठरवली. एका दिवशी एकच जागा. एकीकडचा प्रवास तीन तासांपेक्षा जास्त नको, आणि रात्रीचा मुक्काम शक्यतो बाहेर, म्हणजे त्याच दिवशी परतायची घाई नाही. जागा निवडताना तीन गोष्टी आधी पाहायच्या : बसायला बाक, जवळ स्वच्छतागृह आणि नमाजची सोय. चौथी गोष्ट सर्वांत उपयोगी ठरली. घरातल्या प्रत्येकाला काम. मोठ्याला सांगितले, "तिकीट, रस्ता, पाट्या, सगळं तू बघायचं आणि दादींना वाचून सांगायचं. मराठीत." तो कुरकुरला. पण काम अंगावर पडल्यावर हेडफोन काढावा लागला.

पहिली सहल वोकिंगची. लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून आगगाडीने वोकिंग अर्ध्या तासावर आहे. आम्ही गाडीने गेलो. इथे १८८९ मध्ये बांधलेली शाहजहाँ मशीद आहे. मशीद म्हणूनच मुद्दाम बांधलेली ही ब्रिटनमधली पहिली इमारत. नावावरून ताजमहालचा बादशहा आठवतो, पण ही शाहजहाँ म्हणजे भोपाळच्या बेगम शाहजहाँ. त्या स्वतः इंग्लंडला न येता त्यांचा पैसा आला. मशीद उभारली डॉ. लाइटनर या हंगेरीत जन्मलेल्या भाषापंडिताने. ते लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे पहिले प्राचार्य होते आणि वोकिंगला त्यांनी पौर्वात्य विद्यांची संस्था काढली होती. हिरवा घुमट, पांढऱ्या भिंती, पाइनची झाडे. इमारत इतकी लहान की अम्मी म्हणाल्या, "आपल्या मोहल्ल्यातली मशीद याच्यापेक्षा मोठी आहे." मग आत जाऊन दोन रकात पढून बाहेर आल्या आणि पायरीवर बराच वेळ बसून राहिल्या. आम्ही घड्याळ पाहिले नाही.

तिथून जवळ हॉर्सेल कॉमन या मोकळ्या रानात एक शांत बाग आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून लढायला आलेले हिंदुस्तानी मुसलमान सैनिक इथल्या रुग्णालयांत वारले, त्यांच्यासाठी हे कब्रस्तान बांधले गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धातलेही काही जण इथे दफन झाले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या कबरी ब्रुकवूडच्या मोठ्या कब्रस्तानात हलवल्या. २०१५ मध्ये या जागेची बाग केली आणि त्या २७ सैनिकांसाठी हिमालयातल्या भूर्ज जातीची २७ झाडे लावली. धाकटीने झाडे मोजली. अम्मींनी प्रत्येक झाडापाशी थांबून काहीतरी पुटपुटले. आम्ही विचारले नाही, कळत होते.

दुपारी ब्रुकवूडला गेलो. "सुट्टीत कब्रस्तान?" हा प्रश्न मोठ्याने विचारला होता, आणि वाचकांपैकीही काहींच्या मनात येईल. १८५४ मध्ये सुरू झालेले हे कब्रस्तान एवढे मोठे आहे की त्याच्या नावाचे रेल्वे स्थानकच आहे. मुसलमानांच्या भागात दोन कबरी जवळजवळ आहेत. एक मार्माड्यूक पिकथॉल यांची. हे इंग्रज गृहस्थ मुसलमान झाले, मुंबईत येऊन 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक झाले, पुढे हैदराबादला निजामाच्या नोकरीत राहिले आणि १९३० मध्ये त्यांचे कुरआनचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. दुसरी अब्दुल्लाह युसुफ अली यांची. त्यांचे भाषांतर आपल्यापैकी कितीतरी घरांत आहे. आमच्याही कपाटात आहे, आणि मोठ्याने ते शाळेच्या एका प्रकल्पासाठी वापरले होते. हा माणूस मुंबईचा. १८७२ चा जन्म. केंब्रिजला शिकला, आय.सी.एस. झाला, जगभर मान मिळाला. आणि शेवट? डिसेंबर १९५३ च्या थंडीत लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर भागात एका घराच्या पायरीवर पोलिसांना ते असाहाय्य अवस्थेत सापडले. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, रुग्णालयात त्यांचा इंतकाल झाला. मुलांशी दुरावा आलेला होता. जवळचे कोणी नव्हते.

मोठा हे फलकावरून आणि आमच्याकडून ऐकून दादींना मोडक्या मराठीत सांगत होता. अम्मींनी विचारले, "एवढा मोठा आलिम, आणि कोणीच नव्हतं?" मोठा म्हणाला, "नव्हतं, दादी." त्यांनी फातिहा पढली. आम्ही दोघे एकमेकांकडे न बघता उभे होतो. गाडीकडे परतताना मोठा त्यांचा हात धरून चालत होता. रस्ता सपाट होता, धरायची गरज नव्हती.

रात्री मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी ब्रायटनला गेलो, समुद्रावर. तिथला रॉयल पॅव्हिलियन हा राजवाडा बाहेरून आपल्याकडच्या घुमटांसारखा दिसतो. १९१४ च्या अखेरीपासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत तिथे जखमी हिंदुस्तानी सैनिकांचे रुग्णालय होते. हिंदू आणि मुसलमानांची स्वयंपाकघरे वेगळी, पाण्याचे नळ वेगळे, आणि नमाजसाठी पूर्वेकडच्या हिरवळीवर जागा दिलेली होती. ब्रायटनच्या रुग्णालयांत जे मुसलमान वारले ते वोकिंगच्या त्या रानात गेले. आदल्या दिवशीची झाडे मुलांना अशी दुसऱ्या दिवशी नीट समजली. किनाऱ्यावर मात्र अम्मींची निराशा झाली. "हा कसला समुद्र, वाळूच नाही, नुसते गोटे!" तरी पाय पाण्यात घातलेच आणि "याअल्लाह, बर्फ आहे" म्हणून धाकटीच्या अंगावर पाणी उडवले.

तिकिटाचा विषय त्या आठवड्यात निघाला नाही.

ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी होती, म्हणून दोन रात्रींसाठी डब्लिनला जायचे ठरवले. इथे एक कामाची माहिती. आयर्लंड हा वेगळा देश आहे, तिथे युरो चालतो. आमच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहेत, अम्मींकडे भारतीय. पण भारतीय पासपोर्टवरच्या ब्रिटनच्या पाहुणा व्हिसावर 'बीआयव्हीएस' असा शेरा असेल, तर आधी ब्रिटनमध्ये उतरून मग त्याच व्हिसावर आयर्लंडला जाता येते. शेरा नसेल तर आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. तिकिटे काढण्यापूर्वी आपल्या कागदावर तो शेरा आहे का, हे पाहा आणि त्या वेळचा नियम सरकारी संकेतस्थळावर तपासून घ्या.

बर्मिंगहॅमहून वेल्सच्या टोकाला होलीहेड बंदर आगगाडीने सुमारे तीन तास. तिथून बोट सव्वातीन तासांत डब्लिनला पोहोचते. रेल्वे आणि बोट यांचे एकत्र तिकीट मिळते आणि ते विमानापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते. गाडी वेल्सच्या उत्तर किनाऱ्याने जाते. एका बाजूला समुद्र, मध्येच कॉनवीचा जुना किल्ला. पुढे अँगलसी बेटावर एक स्थानक आहे, ज्याच्या नावात इंग्रजी ५८ अक्षरे आहेत. आमची गाडी तिथे थांबली नाही. पाटी सरकत असताना मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला आणि चौथ्या अक्षरावर हरला. अम्मी हसून म्हणाल्या, "बघ, मला इथल्या सगळ्या पाट्या अशाच दिसतात."

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

अम्मींनी डब्यात घावणे आणि शामी कबाब घेतले होते. बोटीवर चढल्यावर आम्हाला नियम आठवला. ब्रिटनमधून आयर्लंडमध्ये मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, कारण आयर्लंड युरोपीय संघात आहे. कबाब टाकून देणे अम्मींना मंजूर होणे शक्य नव्हते. शेवटी पाच जणांनी बोटीवरच सगळे संपवले आणि शेजारच्या बाकावरच्या दोन पंजाबी विद्यार्थ्यांनाही हातभार लावायला लावला.

खाणे झाल्यावर अम्मी डेकवर यायचे म्हणाल्या. आमचे मरहूम अब्बा तीस वर्षे मालवाहू जहाजांवर होते. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांची हीच कहाणी आहे. अम्मी त्यांना पोचवायला मुंबईच्या गोदीच्या दारापर्यंत जायच्या, जहाजावर कधीच चढल्या नव्हत्या. कठडा धरून उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंनी जमीन दिसेनाशी झाली तेव्हा म्हणाल्या, "अशाच ठिकाणाहून ते खत लिहायचे. पण खतात पाण्याचं काही नसायचं. पोरं कशी आहेत, एवढंच असायचं." मोठा तिथेच होता. त्याने अब्बांना पाहिलेले नाही. "ते कुठे कुठे गेले होते?" असे त्याने विचारले आणि डब्लिनचे बंदर दिसेपर्यंत अम्मी सांगत राहिल्या. बसरा, मोंबासा, सिंगापूर, लिव्हरपूल. त्यातले निम्मे आम्हीही पहिल्यांदा ऐकले.

दुसऱ्या दिवसासाठी एकच जागा ठरवली होती : डब्लिन कॅसलच्या आवारातले चेस्टर बीटी ग्रंथालय. प्रवेश मोफत. चेस्टर बीटी हे अमेरिकेत जन्मलेले, खाणींच्या धंद्यात पैसा मिळवलेले गृहस्थ. त्यांनी आयुष्यभर जगातली जुनी हस्तलिखिते जमवली, १९५० मध्ये ते डब्लिनला राहायला आले आणि संग्रह आयरिश जनतेला देऊन गेले. त्यात कुरआनची अडीचशेहून अधिक हस्तलिखिते आहेत, काही संपूर्ण, काही थोडी पाने. बगदादच्या इब्न अल-बव्वाब या थोर खत्तातने हिजरी ३९१ मध्ये, म्हणजे हजार वर्षांपूर्वी लिहिलेला कुरआन याच संग्रहातला. उजेडाने शाई आणि कागद बिघडू नयेत म्हणून पाने आलटून पालटून मांडतात, त्यामुळे कोणत्या दिवशी काय दिसेल ते सांगता येत नाही.

आत दिवे मंद होते. मोठा नेहमीप्रमाणे कार्डे वाचून दादींना सांगत होता. पहिल्या काचेत चामड्यावरची कूफी लिपीतली पाने होती, रुंद, कोनदार अक्षरे, नुक्ते जवळजवळ नाहीत. अम्मींनी वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "हे नाही जमत." मोठ्याला गंमत वाटली. "दादी, तुम्हालाही नाही येत!"

पुढच्या काचेतले पान नस्ख लिपीत होते. आपल्या घरातल्या कुरआनसारखीच सुबक, जेर-जबर लावलेली अक्षरे. अम्मी थांबल्या. चष्मा सारखा केला. मग हलक्या आवाजात वाचू लागल्या. पहिल्या ओळीपासून, न अडखळता, बोट काचेवरून उजवीकडून डावीकडे सरकत होते. गावातल्या मदरशात वयाच्या सातव्या वर्षी शिकलेले वाचन. इतके महिने बसचा नंबर, दुकानाची पाटी, दुधाच्या बाटलीवरची तारीख, सगळे नातवाला विचारावे लागणारी बाई शतकांपूर्वीच्या त्या कागदावरचे अक्षर न् अक्षर वाचत होती. आणि शेजारी उभा असलेला नातू, ज्याला इंग्रजी, फ्रेंच आणि संगणकाच्या दोन भाषा येतात, तिसऱ्या शब्दाला मागे पडला होता.

एक कर्मचारी आला. आम्ही दचकलो. त्याने नम्रपणे एवढेच सांगितले की काचेला हात लावू नका, आणि थोडा दूर जाऊन उभा राहिला. मोठ्याने ते दादींना मराठीत सांगितले. मग म्हणाला, "दादी, हळू. परत पहिल्यापासून."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी एकेक शब्द. तो मागून म्हणत होता. ऐनचा उच्चार चुकला तेव्हा अम्मींनी त्याच्या गळ्याला बोट लावून "इथून, इथून" असे दाखवले. आम्ही धाकटीला घेऊन बाकावर बसलो. त्या एका काचेपाशी ती दोघे पाऊण तास होती. बाकीचे ग्रंथालय आमचे राहूनच गेले.

दुपारी साउथ सर्क्युलर रोडवरच्या मशिदीत गेलो. जुन्या प्रेस्बिटेरियन चर्चची दगडी इमारत १९८० च्या दशकात मुसलमानांनी विकत घेतली, तीच आता डब्लिन मशीद. संध्याकाळी लिफी नदीच्या काठी बसलो. तिथे दुष्काळातल्या हाडकुळ्या माणसांचे काशाचे पुतळे आहेत. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडची सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्या वेळी उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी एक हजार पौंडांची मदत पाठवली होती. ड्रोहेडा शहराच्या चिन्हातली चंद्रकोर त्या मदतीमुळे आली असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नाही, चिन्ह त्याच्या कितीतरी आधीचे आहे. मदत मात्र खरी आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

आता मागणी होती ती यादी. बर्मिंगहॅम, लेस्टर, लंडन, कुठेही राहत असाल तरी हे उपयोगी पडेल.

तिकीट : आगगाडीची तिकिटे आधी काढली तर फार स्वस्त पडतात. ६० वर्षांवरील लोकांसाठी आणि मुलाबाळांसह फिरणाऱ्या कुटुंबांसाठी सवलतीचे रेलकार्ड मिळते, दोन-तीन प्रवासांत त्याचे पैसे वसूल होतात. मे महिन्यातले दोन आणि ऑगस्टच्या अखेरचा एक असे सुट्टीचे सोमवार टाळा. चालायला त्रास असेल तर स्थानकावर मदतनीस आणि व्हीलचेअर मोफत मिळते, आधी कळवलेले बरे.

नमाज : आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, इथे आग्नेयेला. अम्मी पहिला आठवडाभर सवयीने पश्चिमेकडेच वळत होत्या. जूनच्या शेवटी बर्मिंगहॅमला सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, डब्लिनला दहाच्या जवळ. इशाला मध्यरात्र जवळ येते, म्हणून दुपारी वयस्कर माणसांना तासभर झोपू द्या. आम्ही कोकणी शाफई, त्यामुळे सफरमध्ये कसरबरोबर जोहर-असर एकत्र पढण्याची मुभा घेतो. हनफी वाचकांनी आपल्या आलिमांना विचारावे. जानमाज आणि पाण्याची रिकामी बाटली पिशवीत असू द्या.

खाणे : मोठ्या शहरांत हलाल सहज मिळते, डोंगरात आणि लहान गावांत नाही. मासे आणि बटाट्याच्या फोडी सगळीकडे मिळतात, पण तळण्यासाठी काही ठिकाणी, विशेषतः उत्तर इंग्लंडमध्ये, बैलाची चरबी वापरतात आणि माशाच्या पिठात कधी बिअर घालतात. दोन्ही प्रश्न न लाजता विचारा.

पैसा : ब्रिटिश म्युझियमसारखी बरीच सरकारी संग्रहालये मोफत आहेत. किल्ले आणि राजवाडे महाग. पाहुण्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर खर्च भरावा लागतो, म्हणून प्रवास विमा काढल्याशिवाय आईवडिलांना आणू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे : वयस्कर माणसाला किती ठिकाणे दाखवली हे मोजू नका, किती वेळा खाली उतरवले ते मोजा.

अम्मी ठरल्याप्रमाणे ऑक्टोबरच्या शेवटी गावी गेल्या. तिकीट अलीकडचे करायचे होते त्याचे काय झाले, हे आम्ही विचारले नाही. सगळे बदलले असे म्हणणार नाही. मोठा अजूनही घरी आला की वर जातो आणि हेडफोन लावतो. पण रविवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे गावी दुपारी, तो दादींना फोन लावतो आणि अर्धे पान वाचतो. आम्हाला स्वयंपाकघरात दोघांचा आवाज ऐकू येतो. परवा तो एका शब्दावर चार वेळा अडला. अम्मी पलीकडून म्हणाल्या, "घाई कशाला, बेटा? गाडी चुकते आहे का?"

पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी लिहू. तोवर ज्यांचे आईवडील यंदा इकडे येत आहेत, त्यांचा प्रवास अल्लाह सुखाचा करो.